भाव तसा पुरवठा

'मागणी तसा पुरवठा' हे वाक्य मराठीत इतके मुरले आहे की त्याची उठबस आता म्हणींमध्ये होते. गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या, चौकाचौकांत पोळीभाजी केंद्रे उघडली, की हे वाक्य ठरलेले. बोलायला सुटसुटीत आणि ऐकताक्षणी पटणारे. पण त्यातून एक शब्द गळून गेला आहे आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने नेमका तोच कळीचा आहे: भाव. शेतकरी, कारखानदार, दुकानदार यांची मागणीशी थेट गाठ कधी पडत नाही. त्यांची गाठ पडते ती भावाशी. भाव बघून माल काढायचा की ठेवायचा, पुढच्या हंगामात काय पेरायचे, यंत्र आणखी एक पाळी चालवायचे की नाही, हे ते ठरवतात. म्हणून 'भाव तसा पुरवठा' असे म्हणणे शास्त्राला अधिक धरून होईल. वाक्यातून भाव का गळला असावा, याचे कारण मला 'पुरवठा' या शब्दाच्याच पोटात दिसते.

'पुरवठा' आला 'पुरवणे'पासून. 'पुरवणे' हे 'पुरणे'चे प्रयोजक रूप आणि 'पुरणे'च्या मुळाशी संस्कृतातला 'पूर्' म्हणजे भरणे. या धातूचा मराठीतला गोतावळा दांडगा आहे. नदी काठ भरून वाहू लागली की तो पूर. पोळीत भरायचे ते पुरण. खड्ड्यात घालून वरून माती भरली की पुरले. 'धन पुरून ठेवले' आणि 'पगार महिनाभर पुरला' या दोन वाक्यांतली क्रियापदे दिसायला एकमेकांपासून फार लांबची, पण मूळ एकच. एकीकडे खड्डा भरतो, दुसरीकडे गरज. पुरा, पुरता, पुरेसा, अपुरा, पुरेपूर हे सगळे भरलेपणाचे माप सांगणारे शब्द. पंगतीत पानावर हात आडवा धरून म्हटलेले 'पुरे' म्हणजे 'भरले'. उत्तरपत्रिका संपली की मागून घ्यायची ती पुरवणी. बाजू अपुरी राहू नये म्हणून न्यायालयात मांडायचा तो पुरावा. आणि गरज भागवून वर शिल्लक राहिले, तर 'पुरून उरले'.

आता 'पुरवणे' आपण कुठे कुठे वापरतो ते पाहा. मुलांचे हट्ट पुरवतो, लाड पुरवतो. गर्भारशीचे डोहाळे पुरवतो. अभ्यासाकडे लक्ष पुरवतो, कामाची पाठ पुरवतो. या प्रत्येक ठिकाणी समोर कुणाची तरी उणीव आहे आणि पुरवणारा ती भरून काढतो आहे. प्रेमाने, कर्तव्याने, कधी नाइलाजाने. पण मोबदला घेऊन नाही. डोहाळ्यांचा भाव कुणी ठरवत नाही. सरकारी मराठीने हा शब्द उचलला तोही याच अर्थाने. पाणीपुरवठा, वीजपुरवठा, जिल्हा पुरवठा अधिकारी, शिधापत्रिकेचे काम पाहणारा पुरवठा विभाग. इथेही लोकांची गरज समोर ठेवून ती भागवण्याची जबाबदारी कुणावर तरी टाकलेली आहे. त्यामुळे मराठी कानाला 'पुरवठा' म्हणजे गरजेला दिलेले उत्तर वाटते आणि 'पुरवठा कमी पडला' म्हटले की कुणीतरी कामात कसूर केली, असा सूर आपोआप लागतो. अशा शब्दाच्या शेजारी भावाला जागा मिळणे अवघडच होते.

ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण 'पुरवठा' वापरतो त्या 'सप्लाय'चे मूळ पाहिले की आश्चर्य वाटते. तो लॅटिनमधल्या 'सप्लेरे'पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'सब' म्हणजे खालून आणि 'प्लेरे' म्हणजे भरणे. उणे असेल ते भरून काढणे. हा 'प्लेरे' आणि आपला 'पूर्' एकाच इंडो-युरोपीय धातूची लेकरे आहेत. संस्कृतातला 'पूर्ण', लॅटिनमधला 'प्लेनुस' आणि इंग्रजीतला 'फुल' ही सख्खी भावंडे. म्हणजे 'सप्लाय'ला 'पुरवठा' हा प्रतिशब्द बसला तेव्हा हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन वाटा पुन्हा एकत्र आल्या. त्याच लॅटिन क्रियापदापासून इंग्रजीत 'सप्लिमेंट' झाला, तसा आपल्याकडे 'पुरवणे'पासून 'पुरवणी'. विधिमंडळात सरकार मूळ अर्थसंकल्पाबाहेरच्या खर्चाला मंजुरी मागते तेव्हा त्याला 'पुरवणी मागण्या' म्हणतात. अर्थशास्त्रात समोरासमोर उभे असणारे दोन शब्द तिथे हातात हात घालून येतात.

'मागणी'चा प्रवास वेगळा आहे. संस्कृतात 'मार्ग्' म्हणजे शोधणे, माग काढणे. प्राकृतात त्याचे 'मग्ग' झाले आणि मराठीत 'मागणे'. शोध घेणारा माणूस दारात आला की मागणारा होतो. मुलीला मागणी घालतात तेव्हाही आधी स्थळ शोधलेले असते. जर्मन भाषेत बाजारातल्या मागणीला 'नाखफ्रागे' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ चौकशी. माणसांना काहीतरी हवे असते आणि ती त्याचा शोध घेत असतात, हे दोन्ही भाषांना सारखेच दिसले.

पुरवठ्याच्या बाबतीत मात्र भाषांचे एकमत नाही आणि शब्दांची चर्चा इथे अर्थशास्त्राच्या उपयोगी पडते. फ्रेंच माणूस पुरवठ्याला 'ऑफ्र' म्हणतो, जर्मन माणूस 'आंगेबोट'. दोन्हींचा अर्थ 'देऊ करणे'. इंग्रजी आणि मराठीने घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले आणि तिथली पोकळी भरली जाताना टिपली. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी देणाऱ्याच्या बाजूने पाहिले. तो माल पुढे करतो आहे, अजून दिलेला नाही, या अटीवर देईन म्हणतो आहे, हे त्यांनी टिपले. अर्थशास्त्रातली पुरवठ्याची कल्पना या दुसऱ्या अर्थाच्या जास्त जवळ आहे. अमुक भाव मिळाला तर अमुक इतका माल विकायची तयारी आहे, दुसरा भाव मिळाला तर दुसरा आकडा, अशी ती तयारी असते. पुरवठा म्हणजे एक आकडा नव्हे. भावागणिक बदलणाऱ्या आकड्यांची ती एक अख्खी यादी आहे. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके तिला 'पुरवठा पत्रक' म्हणतात आणि ते पत्रक आलेखावर मांडले की होतो 'पुरवठा वक्र'.

बाजारात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या तोंडी 'पुरवठा' फारसा नसतोच. त्यांचा शब्द आहे 'आवक'. मराठीत आपण येतो, जातो. 'आव' हा धातू आपल्या घरचा नाही. गुजरातीत मात्र 'आववुं' म्हणजे येणे, आणि तिथे 'आवक' म्हणजे उत्पन्न. मराठीत आवक-जावक ही जोडी एकीकडे कचेरीतल्या टपालाच्या नोंदवहीत बसली आणि दुसरीकडे बाजार समितीच्या फलकावर. रोजच्या बाजारभावाच्या बातमीत आधी आवक येते, मग किमान, कमाल आणि सरासरी भाव. आवक म्हणजे आज आलेला माल. तो डोळ्यांना दिसतो, काट्यावर मोजता येतो.

आवकीसारखाच आणखी एक शब्द मराठीने बाहेरून घेतला, हा मात्र फार्सीतून: रसद. फार्सीत 'रसीदन' म्हणजे पोहोचणे. जी पोहोचते ती रसद. पेशवाईत मामलतदाराने महसुलापोटी सरकारात आगाऊ भरायच्या रकमेलाही रसद म्हणत. पण शब्द खरा गाजला तो लढाईत. पानिपतावर १७६०च्या अखेरीस मराठ्यांच्या आणि अब्दालीच्या फौजा एकमेकांची रसद तोडायला टपल्या होत्या. गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडण्याच्या मोहिमेवर असताना त्या डिसेंबरात मारले गेले आणि पुढे मराठ्यांच्याच छावणीत उपासमार सुरू झाली. माणूस पैसे घेऊन उभा असला तरी धान्य पोहोचायला वाट लागते, ही जाणीव 'रसद' या शब्दात आहे. आज ज्याला पुरवठा साखळी म्हणतात, तिच्या खुणा या जुन्या शब्दात सापडतात.

तिसरा शब्द 'साठा'. शेतात पिकून, कारखान्यात तयार होऊन जे विकण्याजोगे पडून आहे ते सगळे साठ्यात आले. साठा हे एक परिमाण आहे. त्यातले आज किती बाहेर येईल, हे साठा सांगत नाही. लढाईतली रसद बाजूला ठेवली, तर बाजारापुरते हे तीन शब्द झाले. जे आहे तो साठा, जे आले ती आवक, आणि कोणत्या भावाला किती येईल याचा सगळा जमाखर्च म्हणजे पुरवठा.

इंग्रजीतही ही उकल व्हायला शतक गेले. जेम्स स्टुअर्ट यांच्या १७६७ सालच्या ग्रंथात मागणी आणि पुरवठा ही शब्दांची जोडी भेटते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये 'वेल्थ ऑफ नेशन्स'च्या पहिल्या भागात भाव कसा ठरतो हे सांगताना मुख्यतः बाजारात आणलेल्या मालाच्या परिमाणाची भाषा वापरली. ती अगदी आपल्या आवकीची भाषा आहे. आवक मागणीपेक्षा कमी झाली की भाव चढतो, जास्त झाली की उतरतो, हे त्यांनी स्वच्छ मांडले. पण प्रत्येक भावाला वेगळी आवक होईल आणि तो संबंध रेषेने दाखवता येईल, ही दृष्टी नंतरची. फ्रान्समध्ये ओगुस्तँ कूर्नो यांनी १८३८ मध्ये मागणीचा आलेख काढला. स्कॉटलंडमधले फ्लेमिंग जेंकिन हे व्यवसायाने अभियंता, समुद्रतळाशी तारायंत्राच्या केबली टाकणाऱ्यांपैकी एक. त्यांनी १८७० मध्ये मागणी-पुरवठ्याचे नियम आलेखाने मांडणारा निबंध लिहिला. आणि १८९० मध्ये आल्फ्रेड मार्शल यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स'ने ती आकृती कायमची रूढ केली. उभ्या अक्षावर भाव आणि आडव्या अक्षावर परिमाण, ही आजही महाराष्ट्रातल्या बारावीच्या वहीत निघणारी मांडणी मार्शल यांची आहे.

आकृती कागदावर ओढायला सोपी आहे. ती कुणाच्या डोक्यात तयार होते, हे पाहायचे तर निफाड तालुक्यातल्या एखाद्या कांदाचाळीपाशी जायला हवे. नाशिक जिल्ह्यात कांदा तीन वेळा येतो. पावसाळ्यात लावून दिवाळीच्या आगेमागे निघणारा पोळ, त्यानंतर जानेवारी ते मार्चमध्ये येणारा रांगडा, आणि थंडीत लावून मार्चअखेर ते मे या काळात काढायचा उन्हाळ कांदा. पोळ कांद्याला टिकवण नाही. शेतातून निघाला की तो बाजारात न्यावाच लागतो. उन्हाळ कांदा मात्र चाळीत हवा खेळती ठेवली की चार-सहा महिने राहतो, आणि पावसाळाभर देश तोच खातो.

समजा, एका शेतकऱ्याच्या चाळीत १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे. क्विंटलला ८०० रुपये भाव असेल, तर तो म्हणेल, खराब व्हायला लागलेला १० क्विंटल तेवढा काढतो. भाव १,२०० झाला तर ३० क्विंटल काढेल, कारण खताची उधारी भागवायची आहे. १,८०० झाला तर ६०. आणि २,५०० झाला तर 'आता थांबायचे कशाला' म्हणून चाळ फोडून सगळे १०० क्विंटल ट्रॅक्टरवर चढवेल. हे चार आकडे म्हणजे त्याचे पुरवठा पत्रक. उभ्या अक्षावर भाव, आडव्यावर क्विंटल असे चार ठिपके देऊन जोडले की डावीकडून उजवीकडे चढत जाणारी रेषा मिळते. परिसरातल्या सगळ्या चाळींच्या रेषांतले त्या त्या भावाचे क्विंटल एकत्र मिळवले की बाजाराचा पुरवठा वक्र तयार होतो.

रेषा चढती का? कारण विकणारा नेहमी तुलना करत असतो. चाळीतला कांदा आज विकला नाही तर पुढच्या महिन्यात विकता येईल. त्याला तेव्हा जास्त भाव मिळेलही, पण तोवर वजन घटेल, काही सडेल, काहीला कोंब फुटतील. आजचा भाव या सगळ्या हिशेबाला पुरून उरला, तर माल सुटतो. नाही तर धरून ठेवला जातो. बाजारातल्या बोलीत माल 'धरणे' आणि माल 'सोडणे' ही दोन क्रियापदे आहेत, आणि पुरवठ्याचा सिद्धांत त्यांच्यात जवळजवळ सगळा आला. वर्षा-दोन वर्षांचा विचार केला तर तुलना बदलते. भाव कमी असताना विहिरीला हक्काचे पाणी असलेलाच कांदा लावतो. भाव चांगला राहिला तर लांबून पाइप टाकून पाणी आणणाऱ्यालाही ते परवडते. जास्त माल हवा तर जास्त खर्चाच्या जमिनीपर्यंत जावे लागते आणि तो खर्च निघेल इतका भाव द्यावा लागतो. अर्थशास्त्र याला सीमांत खर्च म्हणते. शेतकरी त्याला 'परवडणे' म्हणतो.

लासलगावची कांदा बाजारपेठ आशियात सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाते. तिथे सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या रांगेने उभ्या राहतात, व्यापारी एकेका गाडीपाशी येऊन माल हाताळतात आणि बोली लावतात. हा 'लिलाव' पोर्तुगीजांच्या 'लेलाँव'वरून आपल्याकडे आला. सौदा झाला की गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, माल खाली होतो, वजन होते, हिशोबपट्टी मिळते. बोली पसंत नसेल तर शेतकऱ्याला माल परत नेण्याची मुभा आहे. पण भरलेली ट्रॉली परत न्यायची तर डिझेल पुन्हा जाते, मजुरी पुन्हा द्यावी लागते, आणि हाताळून हाताळून कांद्याची पत्ती निघते. म्हणून रांगेत लागलेला माल बहुतेक त्या दिवशी जाईल त्या भावाने जातो. विकायचे की नाही, हा निर्णय आदल्या दिवशी चाळीपाशीच झालेला असतो. बाजाराच्या आवारात दिसते ती आवक. पुरवठा ठरतो तो घरी.

मार्शल यांनी काळाचा जो विचार मांडला तो इथे लख्ख दिसतो. एका दिवसापुरता पाहिला तर पुरवठा जवळजवळ ताठ असतो; वक्र सरळ उभा राहतो, कारण जेवढा माल आला तेवढाच आहे. काही महिन्यांचा विचार केला की चाळीमुळे त्याला थोडी लवण येते. हंगामांचा विचार केला तर लागवडच कमी-जास्त होते आणि वक्र आणखी आडवा होतो. पोळ कांदा आणि उन्हाळ कांदा ग्राहकाला नुसता कांदा म्हणूनच मिळत असले तरी त्यांचे वक्र एकसारखे नाहीत. न टिकणाऱ्याचा चढ उभा, टिकणाऱ्याचा सावकाश. भावाला प्रतिसाद देण्याच्या या ताकदीला 'लवचिकता' असा चांगला शब्द मराठीने योजला आहे. लवणे म्हणजे वाकणे; लव्हाळे लवते तसे जे भावाच्या झुळकीने वाकते ते लवचिक.

'वक्र' हा शब्दही थांबून पाहण्यासारखा आहे. संस्कृतात वक्र म्हणजे वाकडे. 'वाकणे' आणि 'वाकडा' हे त्याच गोतातले, आणि ग्रह उलटा चालताना दिसला की तो 'वक्री'. पाठ्यपुस्तकातला पुरवठा वक्र बहुधा पट्टीने आखलेली सरळ रेषा असते, आणि सरळ रेषेला वक्र म्हणताना विद्यार्थी अडखळतात. गणितात सरळ रेषा हा वक्राचाच एक प्रकार आहे. आणि खऱ्या बाजारातला वक्र सरळ क्वचितच असतो. सुरुवातीला थोड्या भाववाढीने पुष्कळ माल सुटतो. चाळी रिकाम्या होत आल्या की भाव दुप्पट झाला तरी आवक वाढत नाही. तिथे रेषा उभी होत जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उन्हाळ कांदा संपत आलेला आणि अवकाळीने पोळ लांबलेला असला की भावाने उसळी घ्यायची, हे याच उभ्या टोकाचे काम.

मराठी परिभाषेने आणखी एक मोलाची गोष्ट केली आहे. भाव बदलल्यामुळे त्याच रेषेवर वर-खाली सरकणे आणि दुसऱ्या कारणाने रेषाच जागची हलणे, या दोन घटना वेगळ्या आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांनी पहिल्या घटनेला 'विस्तार' आणि 'संकोच' ही नावे दिली, दुसरीला 'वृद्धी' आणि 'ऱ्हास'. भाव चढला म्हणून चाळी उघडल्या, तो पुरवठ्याचा विस्तार. पाऊस चांगला होऊन पीक भरघोस आले आणि जुन्याच भावाला जास्त कांदा मिळू लागला, ती वृद्धी. गारपिटीने शेतातच कांदा सडला, तो ऱ्हास. वर्तमानपत्रात मात्र दोन्हींना 'पुरवठा वाढला', 'पुरवठा घटला' एवढेच म्हटले जाते. मग एका बातमीत 'पुरवठा वाढल्याने भाव पडले' असते आणि दुसऱ्या बातमीत 'भाव वाढल्याने पुरवठा वाढला', आणि वाचणारा गोंधळतो. पहिल्या वाक्यात वृद्धी आहे, दुसऱ्यात विस्तार. दोन्ही वाक्ये खरी आहेत. शब्द तेवढा अपुरा पडला आहे.

हा फरक केवळ परीक्षेतल्या गुणांपुरता नाही. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली. देशातली उपलब्धता वाढावी आणि भाव आटोक्यात राहावेत, हे कारण दिले गेले. त्या दिवशी देशात एकही कांदा जास्त पिकला नाही. साठा होता तेवढाच राहिला. झाले इतकेच की परदेशी जाणाऱ्या कांद्याची वाट बंद झाली आणि तो देशातल्या बाजाराकडे वळला. देशापुरता पाहिला तर पुरवठा वक्र उजवीकडे सरकला. शेतकऱ्यापुरते पाहिले तर त्याच्या गिऱ्हाइकांतला एक मोठा गट उठून गेला. ग्राहकाला ती पुरवठ्याची वृद्धी वाटली, शेतकऱ्याला मागणीचा ऱ्हास. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काच्या अटींसह. मधल्या पाच महिन्यांत कमी भाव पाहिलेल्या शेतकऱ्याने पुढच्या लावणीचा हिशेब त्या भावावर केला असेल, तर आजची स्वस्ताई उद्याच्या टंचाईचे बी पेरून जाते. भाव पाहून लावणी आणि लावणीनंतर महिन्यांनी येणारा माल, यांमुळे भाव वर-खाली फेऱ्या घेत राहतो. निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ मध्ये या प्रक्रियेला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले, कारण आलेखावर ती वाट तशीच दिसते.

पुरवठ्याच्या नियमाला काही अपवाद सांगितले जातात आणि त्यांतला एक मराठी भाषेला फार जवळून ठाऊक आहे. नियम म्हणतो, भाव पडला की माल कमी सुटेल. पण मुलीचे लग्न तोंडावर आहे, सोसायटीचे कर्ज मार्चअखेर भरायचे आहे, दवाखाना निघाला आहे. घरात एक ठरावीक रक्कम यायलाच हवी. मग भाव पडला तर तेवढी रक्कम उभी करायला जास्त माल विकावा लागतो. रेषा उलटी फिरते. या परिस्थितीला मराठीत 'नड' म्हणतात. नडीपोटी विकणे, पडेल भावाने विकणे, मातीमोल विकणे: एवढ्या छटा एखाद्या भाषेत उगाच साठत नाहीत. पिढ्यान्पिढ्या माणसांनी ते भोगले, म्हणून शब्द तयार झाले. पाठ्यपुस्तक यालाच 'रोख पैशाची निकड' म्हणते.

शब्दांतून न्यायनिवाडाही होत असतो. शेतकऱ्याने चाळीत कांदा ठेवला तर ती 'साठवण', व्यापाऱ्याने वखारीत ठेवला तर 'साठेबाजी'. फार्सीतला 'बाज' लागला की साठ्याला आरोपाचा वास येतो. १९५५च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याने सरकारला साठ्यावर मर्यादा घालता येते, आणि टंचाईच्या काळात कृत्रिम चढ रोखायला तो अधिकार हवाच. पण आज न विकलेला माल उद्या कुणाच्या तरी ताटात जाणार असतो, हेही तितकेच खरे. मे महिन्यात सगळाच कांदा विकला गेला असता, तर सप्टेंबरात खायला काय राहिले असते? माल धरणे हाही पुरवठ्याचाच एक भाग आहे, काळाच्या अंगाने केलेला.

भाव या शब्दाची कथाही इथे सांगायला हवी. संस्कृतात 'भाव' म्हणजे असणे, स्थिती. वस्तूची बाजारातली स्थिती म्हणून तो दर झाला. वस्तूचे मोल सांगणारा जुना शब्द 'अर्घ'. ज्याचा अर्घ मोठा ते महार्घ, त्याचे प्राकृतातून मराठीत 'महाग' झाले. ज्याचा अर्घ बेताचा ते 'समर्घ', त्याचे 'सवंग'. महाग शब्द बाजारातच राहिला. सवंग मात्र बाजार सोडून अभिरुचीत गेला आणि हलक्या विनोदाला, हलक्या लोकप्रियतेला लागू लागला. कमी भावाचे ते कमी मोलाचे, हा समज भाषेत असा रुजला. कांदा सवंग झाला म्हणून त्यामागच्या कष्टांचे मोल कमी होत नाही, हे मग वेगळे सांगावे लागते.

मराठीला नवा शब्द घडवण्याची गरज आहे, असे मला वाटत नाही. साठा, आवक, पुरवठा, विस्तार, संकोच, वृद्धी, ऱ्हास, धरणे, सोडणे, परवडणे, नड. कोठार भरलेले आहे. हवी आहे ती ते शब्द आपापल्या जागी वापरण्याची शिस्त. बातमीत आवक वाढली असेल तर आवकच लिहावे. साठ्याचा आकडा असेल तर त्याला पुरवठा म्हणू नये. 'पुरवठा घटला' असे वाचले की वाचकाने विचारावे: कोणत्या भावाला? भाव पडल्याने माल धरला गेला, की पीकच गेले? पहिल्या दुखण्यावर चांगला भाव हे औषध आहे. दुसऱ्यावर तात्पुरती आयात आणि पुढच्या हंगामाची तयारी लागते. आणि नडीने विकणाऱ्याला वेळेवर पतपुरवठा आणि साठवणीची सोय लागते. तीन दुखण्यांना एकच नाव दिले तर औषध चुकते, आणि चुकलेल्या औषधाची किंमत चाळीचा मालक आणि शहरातले घर दोघेही मोजतात. 'मागणी तसा पुरवठा' म्हणताना मध्ये 'भाव' हा शब्द परत घातला, तर या प्रश्नांची सुरुवात तरी बरोबर ठिकाणी होईल.